दुःखाला घाट

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकच्या तुरुंगात तेहेतीस वर्षांच्या एका राजबंद्याने लिहायला सुरुवात केली. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे त्याने लेखणी खाली ठेवली तेव्हा ‘श्यामची आई’ कागदावर उतरली होती. आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. तिच्या अखेरच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता. ते शल्य एवढी वर्षं उरात होतं. लिहिताना डोळे भरून येत होते, असं साने गुरुजींनी प्रस्तावनेत सांगूनच ठेवलं आहे.

या पुस्तकाला मराठी घरांनी आईच्या मायेचं पुस्तक म्हणून जवळ केलं आणि ते योग्यच आहे. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. यातला श्याम गुणी बाळ नाही. तो पोहायला घाबरून लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. पुस्तकांच्या लोभाने पैसे चोरतो. आईला दुखावतो, तिचं ऐकत नाही. आई थोर होती एवढंच लिहून थांबता आलं असतं. गुरुजींनी आपल्या चुकाही तिच्या शेजारी मांडल्या. आणि हे सगळं त्यांनी ‘मी, पांडुरंग’ या नावाने लिहिलं नाही. आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री थोडं थोडं सांगणारा श्याम त्यांनी उभा केला, आणि प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं दिली.

खरं सांगायचं, पण ते एका घाटात बसवून सांगायचं. मनाचा भार हलका करणाऱ्या कलेची ही दोन अंगं आहेत. त्यांतलं एक जरी गळालं तरी उपयोग कमी होतो. गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्राने प्रयोग करून जे तपासलं, त्याचं सार बरंचसं या पाच दिवसांत सापडतं.

या प्रयोगांची सुरुवात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी केली. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते स्वतः नैराश्यात सापडले होते. कुणाशी न बोलता ते एकटेच टंकलेखन यंत्रापुढे बसून मनातलं लिहीत राहिले आणि हळूहळू मळभ ओसरू लागलं. पुढे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी या अनुभवाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. १९८६मध्ये त्यांनी सँड्रा बील यांच्यासोबत तो प्रयोग प्रसिद्ध केला. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातले ४६ विद्यार्थी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, एका खोलीत बसून लिहीत होते. एका गटाला खोलीचं वर्णन करण्यासारखे किरकोळ विषय दिले होते. बाकीच्यांना आयुष्यातल्या सगळ्यांत क्लेशदायक प्रसंगावर लिहायचं होतं, पण त्यातही तीन वाटा होत्या. काहींनी केवळ काय घडलं ते लिहायचं, काहींनी केवळ काय वाटलं ते, आणि काहींनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही.

दोन्ही लिहिणाऱ्यांचा अनुभव सुरुवातीला सुखाचा नव्हता. लिहून उठताना ते अधिक उदास असत, त्यांचा रक्तदाबही चढलेला असे. मात्र पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ याच गटावर सगळ्यांत कमी आली. ज्यांनी फक्त घटना नोंदवल्या त्यांना हा लाभ झाला नाही. जखमेला हात लावल्यावर ती आधी दुखली, मग भरू लागली.

यानंतर अशा अभ्यासांची रांग लागली. १९९९मध्ये जोशुआ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींनी तीन दिवस, रोज वीस मिनिटं आयुष्यातल्या ताणाच्या प्रसंगावर लिहिलं. चार महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या प्रकृतीत डॉक्टरांना दखल घेण्याजोगी सुधारणा आढळली. साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. आणखी एका अभ्यासात डॅलसमधल्या एका संगणक कंपनीतून काढून टाकलेल्या, बहुतांशी पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना नोकरी गेल्याबद्दल मोकळेपणी लिहायला सांगितलं. काही महिन्यांनी पाहिलं तर न लिहिणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांना नवी नोकरी लवकर मिळालेली होती. मुलाखती त्यांनी जास्त दिल्या नव्हत्या. संशोधकांचा कयास असा, की अपमानाचा कडवटपणा कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीच्या टेबलापर्यंत पोचला नाही.

हा रामबाण उपाय आहे असं मात्र कुणी समजू नये. २००६मध्ये जोआन फ्रातारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला. परिणाम खरा निघाला, पण लहान. काहींना भरपूर फायदा होतो, काहींना थोडा, काहींना मुळीच होत नाही. तरीही एक वही, एक पेन आणि चार दिवस एवढ्याच खर्चाच्या उपायाने थोडा जरी फरक पडत असेल, तर तो मोलाचा आहे.

मग हा फरक पडतो कशामुळे? ‘मनातलं सगळं बाहेर काढलं की मोकळं वाटतं’ हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असतं, पण ते अपुरं आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यांनी सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. राग जिरायला हवा होता, पण तो वाढला. काहीही न करता स्वस्थ बसलेली मुलं अधिक शांत राहिली. दुःखाचंही तसंच आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा एकच प्रश्न मनात दळत राहण्याच्या सवयीचा सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. अशा उगाळण्याने नैराश्य लांबतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यामुळे कागदावर नुसती भडास ओकली, रोज तेच, त्याच शब्दांत, तर ते लिहिणंही उगाळणंच ठरतं.

पेनेबेकर यांनी पुढे या लिखाणातले शब्द संगणकाने मोजून घेतले. ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या लिखाणात एक बदल सापडला. पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आलं’, ‘आता समजतं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी विस्कटलेल्या तुकड्यांची चौथ्या दिवसापर्यंत गोष्ट झाली होती. गोष्टीला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. एकदा शेवट सापडला की ती मनाला सारखी घोकावी लागत नाही.

दुसरा धागा नाव देण्याचा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या चमूने २००७मध्ये लोकांना मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून संतापलेले, भेदरलेले चेहरे दाखवले. समोरच्या भावनेला ‘राग’, ‘भीती’ असं नाव द्यायला सांगितल्यावर मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावली. भावनेला अचूक शब्द सापडणं हेच तिचा जोर थोडा कमी करतं.

तिसरा धागा अंतराचा. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत, क्लेशदायक आठवण ‘मी’च्या जागी स्वतःचं नाव घेऊन, परक्या माणसाबद्दल बोलावं तशी सांगणाऱ्यांना ती कमी जाळते असं दिसलं. इथे नाशिकच्या तुरुंगातला श्याम पुन्हा आठवावा. पांडुरंगाला जे कदाचित सांगता आलं नसतं ते श्यामला सांगता आलं. नाव बदललं, पण सत्य लपवायला नव्हे. सत्यापाशी बसता यावं इतकं ते नाव दूर होतं.

हे प्रयोग नवे असले, तरी महाराष्ट्रातल्या बायकांनी ही रीत कितीतरी पिढ्या आधी शोधून ठेवली होती. पहाटे, घर जागं व्हायच्या आत, सासुरवाशीण जात्यापाशी बसायची. दळण भरपूर, साथीला फार तर जाऊ किंवा शेजारीण, आणि खुंट्याला हात. त्या घरघरीत तिचा आवाज ओसरीवर पोचत नसे. दिवसभर ज्या गोष्टीचा उच्चार करायची सोय नसे ती ओवीतून निघायची. नवऱ्याचा मार, सासूचे बोल, न येणारा भाऊ, मागे राहिलेलं माहेर, गेलेली आई, गेलेलं मूल. अनेक ओव्यांत जात्यालाच देव म्हटलेलं आहे, ऋषी म्हटलेलं आहे. ज्याला गुपित सांगावं असं घरात ते एकच होतं.

पण ती नुसती रडत नव्हती. ओवीला चाल होती, यमक होतं, जात्याच्या फेऱ्याचा ठेका होता. दुःखाला त्या मोजक्या चरणांत मावेल इतकं आवरतं घ्यावं लागे. आईची आठवण आली की तिच्यासाठी एखादं झाड, एखादी वाट, एखादं फूल शोधावं लागे. एका बाईने जोडलेली ओवी दुसरी उचले आणि आपल्या भावाचं नाव घालून गाई. म्हणजे सोसणं एकटीचं राहत नसे, आणि तरीही कुणाची चहाडी होत नसे. घाट होता म्हणून खरं बोलायची मुभा होती.

गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर या दोघांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कष्टातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने तो आवाजासह लोकांपुढे आणायला घेतला. बहिणाबाई चौधरींची कविता याच मुशीतली. तिसाव्या वर्षी वैधव्य आलं, अक्षर कधी गिरवलं नाही, आणि शेतात, चुलीपाशी, जात्यावर ओव्या सुचत राहिल्या. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या. संग्रह छापून आला १९५२मध्ये. स्वतःच्या कवितेचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. गाताना त्यांना त्याची गरजही नव्हती.

शब्दांखेरीजची कलाही हेच काम करते. कधी कधी त्याला चार दिवस पुरत नाहीत, अठरा वर्षं लागतात. जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केटे कोलविट्झ यांची ही हकीकत आहे.

१९१४मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. त्याला स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचं होतं. वय कमी असल्यामुळे वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील, डॉक्टर कार्ल, तयार नव्हते. मुलाच्या बाजूने बोलून कार्ल यांचं मन वळवलं ते केटे यांनी. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. पुत्रशोकासोबत आईच्या वाट्याला आणखी एक ओझं आलं. त्याला जाऊ देणारी ती होती.

त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी पीटरचं स्मारक करायचं ठरवलं. पहिल्या कल्पनेत मुलगा आडवा पहुडलेला होता, उशाशी वडील, पायथ्याशी आई. तरुणांच्या बलिदानाचा गौरव त्यातून व्हायचा होता. त्या मूर्तीवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पण हात पुढे जाईना. मनातलं आणि मातीतलं जुळत नव्हतं. १९१९मध्ये त्यांनी ते काम बाजूला ठेवलं.

मधल्या काळात त्या आपल्या मनाशी अधिक खरेपणाने बोलू लागल्या. रोजनिशीत त्या मुलाला उद्देशून लिहीत, स्वतःची उलटतपासणी घेत. १९२१-२२मध्ये त्यांनी ‘युद्ध’ ही सात काष्ठचित्रांची मालिका कोरली. पहिल्या चित्रात आई आपलं तान्हं मूल हातांवर उचलून अर्पण करते आहे. दुसऱ्यात ढोल वाजवणाऱ्या मृत्यूमागे पोरं धावत सुटली आहेत, आणि मृत्यूच्या सर्वांत जवळचा चेहरा पीटरचा आहे. बलिदानाचा गौरव संपला होता. ‘हे मी होऊ दिलं’ ही कबुली त्या लाकडात कोरली गेली.

त्यानंतर स्मारक पुन्हा हाती घेतलं तेव्हा त्याचं रूपच पालटलं. मुलगा त्यातून गेला. उरले गुडघे टेकलेले दोघं जण, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. वडील ताठ, हात छातीशी घट्ट आवळलेले. चेहरा कार्ल यांचा. आई शालीत गुरफटून खाली वाकलेली. त्यांच्या समोर काय आहे? ज्या दफनभूमीत पीटर होता ती दफनभूमी. १९३२च्या जुलैमध्ये या ग्रॅनाइटच्या मूर्ती बेल्जियममध्ये बसवल्या गेल्या. पुढे कबरी हलवल्या तेव्हा मूर्तीही व्लाड्स्लो इथे गेल्या. २५ हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या त्या दफनभूमीत त्या आजही गुडघे टेकून आहेत.

कोलविट्झ यांचं दुःख यामुळे मिटलं असं म्हणता येत नाही. १९४२मध्ये त्यांचा नातू, त्याचंही नाव पीटर, दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. पण जे अठरा वर्षं फिरत होतं त्याला जागा मिळाली. आणि ती कधी मिळाली? खोटी प्रतिमा सोडून दिल्यावर. कलेत हात असा अडतो तेव्हा दर वेळी कौशल्य कमी पडलेलं नसतं. पुष्कळदा खरेपणा कमी पडलेला असतो.

नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी क्षयाने गेलेल्या पंधरा वर्षांच्या बहिणीचं ‘आजारी मूल’ हे चित्र चाळीसएक वर्षांत सहा वेळा रंगवलं. हे उगाळणं होतं का? प्रत्येक आवृत्तीत रंग बदलले, कुंचल्याचा फटकारा बदलला, प्रकाश बदलला. तीच आठवण नव्या हाताळणीने पाहणं आणि तीच आठवण तशीच घोटणं यांतला फरक तिथे डोळ्यांना दिसतो.

असा हात नसलेल्या सामान्य माणसाने काय करावं? इथे संशोधन दिलासा देतं. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती आणि कागदाच्या कपट्यांतून जे वाटेल ते करू दिलं. साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. कलेचा पूर्वानुभव असो वा नसो, परिणामात फरक पडला नाही. हा अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. पण ‘मला चित्र काढता येत नाही’ ही सबब त्यापुढे लंगडी पडते.

एक उलटा पुरावाही आहे आणि तो टाळून चालणार नाही. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी लोकांना आधी उदास केलं, मग चित्र काढायला दिलं. ज्यांनी आपलं दुःख चितारलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी भलतंच काहीतरी, घर किंवा एखादी वस्तू, काढली त्यांचा मूड त्या घटकेला अधिक सुधारला. पेनेबेकर यांच्या विद्यार्थ्यांशी हे ताडून पाहिलं तर विरोध उरत नाही. दिवस वाईट गेला असेल तर रांगोळी काढावी, विणकाम करावं, फुलांचं चित्र रंगवावं. मन दुसरीकडे लागण्याला कमी लेखू नये. वर्षानुवर्षांची गाठ सोडवायची असेल तर मात्र तिच्याकडे पाहावंच लागतं, आणि तेव्हा आधी थोडं दुखणार हे धरून चालावं लागतं.

दवाखान्यात कलेच्या या उपयोगाला मान मिळाला तो क्षयरोग्यांमुळे. १९३८मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या आरोग्यधामात क्षयावर उपचार घेत होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी समोरच्या वस्तू रेखाटायला सुरुवात केली. आपल्याला त्याने उभारी आली हे पाहून त्यांनी इतर रुग्णांनाही शिकवलं. त्यांत युद्धावरून परतलेले जखमी सैनिकही होते. त्यांना केवळ देखणी चित्रं नको होती. डोळ्यांनी पाहिलेली भीषणता कागदावर आणायची होती. हिल यांनी १९४२मध्ये या कामाला ‘कला उपचार’ अशा अर्थाचं नाव दिलं. आज तो प्रशिक्षण लागणारा व्यवसाय आहे. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि तीही साने गुरुजींच्याच आयुष्यात दिसते. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं जीवन संपवलं. इतकं प्रामाणिक, इतकं भरभरून लिहिलेला माणूसही एकट्याने सगळं पेलू शकला नाही. म्हणून कला ही डॉक्टरची, समुपदेशकाची, जिवाभावाच्या माणसाची जागा घेते असं कुणीही कुणाला सांगू नये. झोप उडाली, जगण्याची इच्छा मावळली, जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर वही उघडण्याआधी माणसाशी बोलावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे.

ज्यांच्या मनावर असं टोकाचं सावट नाही, पण काहीतरी बरेच दिवस सलतं आहे, त्यांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबावं. मग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, कुणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडावी. शुद्धलेखनाकडे, अक्षराकडे पाहू नये. काय घडलं ते लिहावं आणि काय वाटलं तेही लिहावं. आपली चूक असेल तर तीही लिहावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच हकीकत दुसऱ्या नावाने, ‘तो’ किंवा ‘ती’ करून सांगून पाहावी, किंवा एखाद्या ओवीत, चित्रात, चार ओळींच्या पत्रात बसवावी. लिहिताना असह्य झालं तर त्या दिवशी विषय बदलावा किंवा थांबावं. पेनेबेकर स्वतः हाच सल्ला देतात.

आणि ते कुणाला दाखवायचं का, याचा निर्णय लिहून झाल्यावर करावा. वाचणारा डोळ्यांपुढे आला की हात सजवू लागतो. कोलविट्झ यांच्या रोजनिशा त्यांच्या मृत्यूनंतर थोरला मुलगा हान्स याने प्रकाशित केल्या. पेनेबेकर यांच्या प्रयोगातले विद्यार्थी आपले कागद नाव न घालता पेटीत टाकून निघून जात. चौथ्या दिवशी वही फाडून टाकली, तरी चालते.